कृत्रिम गुडघ्यासाठी एमआर डॅम्पर : फट ०.६ मिमी ठेवावी की १ मिमी?

गतिज (प्रश्न)

नमस्कार. गुडघ्याच्या वरून पाय गमावलेल्या व्यक्तींच्या कृत्रिम गुडघ्यासाठी मॅग्नेटोरिऑलॉजिकल, म्हणजेच एमआर द्रवावर चालणारा डॅम्पर (हालचालीला विरोध करून ती मंदावणारे उपकरण), हा माझ्या पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय आहे. मूळ तत्त्व बहुतेकांना माहीत असेलच. तेलात एक ते दहा मायक्रॉन आकाराचे कार्बोनिल लोहाचे कण मिसळलेले असतात, चुंबकीय क्षेत्र लावताच त्यांच्या साखळ्या तयार होतात आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक ताण दिल्याशिवाय द्रव वाहत नाही. ही मर्यादा, म्हणजे यील्ड स्ट्रेस, कॉइलमधील विद्युतप्रवाहाने कमी-जास्त करता येते, त्यामुळे झडपा उघडण्या-मिटण्यासाठी वेगळी मोटर लागत नाही.

सध्याचा आराखडा असा आहे. डॅम्पर सरळ रेषेत सरकणारा आहे, त्याचा दांडा एकाच बाजूने बाहेर येतो आणि तो गुडघ्याच्या मागच्या अंगाला बसतो. गुडघा वाकला की दांडा आत जातो. दट्ट्याचा व्यास ३२ मिमी, दांड्याचा १० मिमी आणि गुडघ्याच्या अक्षापासून डॅम्परच्या बलरेषेचे अंतर, म्हणजे तरफेचा हात, सरासरी ३० मिमी धरला आहे. कॉइल दट्ट्यावरच गुंडाळलेली असून तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८ मिमी लांबीचा लोखंडी ध्रुव आहे, म्हणजे दट्ट्या आणि सिलिंडर यांमधील ज्या फटीतून द्रव वाहतो तिची क्षेत्राखाली येणारी एकूण लांबी १६ मिमी होते. कॉइलचा भाग १४ मिमी लांब, तिच्या आतील लोखंडी गाभा १८ मिमी व्यासाचा आणि सिलिंडरच्या भिंतीची जाडी २.५ मिमी आहे. द्रव एमआरएफ-१३२डीजी निवडला आहे. ४० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, सुमारे ०.११ पास्कल-सेकंद आहे. दांडा आत आल्यावर जे आकारमान व्यापतो त्याची भरपाई करण्यासाठी सिलिंडरच्या तळाशी नायट्रोजनचा कप्पा आहे.

७५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे गुडघा वाकण्याला होणारा विरोध, हे लक्ष्य धरून हिशेब केला असता, दट्ट्या आणि सिलिंडर यांमधील फट ०.६ मिमी ठेवल्यास ते सहज गाठता येते, १ मिमी ठेवल्यास मात्र येत नाही. माझ्या मार्गदर्शकांच्या मते ०.६ मिमी ही फट फार अरुंद आहे. फट वाढवली की टॉर्क घटतो एवढे मला दिसते. पण वाढवल्याने जे साधते ते आकड्यांत कसे मांडावे? याखेरीज आराखड्यात काही उणिवा जाणवत असतील तर त्याही कृपया सांगाव्यात.

तेलदाब

गतिज, आपल्या मार्गदर्शकांशी मी सहमत आहे. मुळात हिशेबाला सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून करायला हवी. कृत्रिम गुडघ्यात कमाल टॉर्क मिळवणे हे तुलनेने सोपे काम आहे. विद्युतप्रवाह बंद असताना डॅम्पर पुरेसा मोकळा राहणे हे अवघड. चालताना पाय हवेतून पुढे झुलतो त्या टप्प्यात गुडघा सेकंदाला सुमारे ६ रेडियन वेगाने फिरतो, आणि नेमक्या त्याच वेळी डॅम्परचा विरोध जवळजवळ नाहीसा व्हायला हवा.

आपलेच आकडे घेऊ. दांड्याचे क्षेत्रफळ वजा केल्यावर दट्ट्याचे परिणामकारक क्षेत्रफळ सुमारे ७.२६ चौरस सेंमी उरते. क्षेत्रामुळे निर्माण होणारा दाबफरक हा यील्ड स्ट्रेस आणि ध्रुवांची लांबी यांच्या गुणाकाराला फटीने भागून, त्याला सुमारे २.१ या गुणकाने गुणून मिळतो. यील्ड स्ट्रेस ४० किलोपास्कल धरल्यास ०.६ मिमी फटीसाठी २.२४ मेगापास्कल, म्हणजे १६२५ न्यूटन बल आणि जवळपास ४९ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. १ मिमी फटीसाठी तोच टॉर्क २९ वर उतरतो. इथपर्यंत आपला हिशेब बरोबर आहे.

आता प्रवाह बंद करा. सेकंदाला ६ रेडियन म्हणजे दट्ट्याचा वेग ०.१८ मीटर प्रति सेकंद. श्यानतेमुळे येणारा दाबफरक फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि तो फटीच्या संपूर्ण ३० मिमी लांबीवर पडतो, केवळ ध्रुवांखालच्या १६ मिमीवर नाही. श्यानता ०.१ धरली तरी ०.६ मिमी फटीसाठी सुमारे १६० न्यूटन, म्हणजे ४.७ न्यूटन-मीटर एवढा विरोध काहीही न करता शिल्लक राहतो. १ मिमी फटीसाठी तो अवघा १ न्यूटन-मीटर आहे. आपल्या प्रश्नाचे आकड्यांतील उत्तर हेच आहे : चालू अवस्थेतील टॉर्क फटीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, बंद अवस्थेतील टॉर्क तिच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, आणि म्हणून दोहोंचे गुणोत्तर फटीच्या वर्गाप्रमाणे वाढते.

तरीही सरळ १ मिमीवर उडी मारण्याची गरज नाही. कॉइलवरील १४ मिमीच्या पट्ट्यात क्षेत्र नसतेच, त्यामुळे तेथील अरुंद फट निव्वळ तोट्याची आहे. कॉइल गुंडाळून झाल्यावर तिच्यावर इपॉक्सी भरताना ते ध्रुवांच्या पृष्ठभागापेक्षा एखादा मिलिमीटर खाली ठेवावे, म्हणजे त्या पट्ट्यातील विरोध नगण्य होतो. एवढे केले आणि फट ०.७५ मिमी घेतली, की चालू अवस्थेत ३९ न्यूटन-मीटर आणि बंद अवस्थेत, सीलचे (दांड्याभोवतीच्या गळती रोखणाऱ्या कड्यांचे) घर्षण सोडून, सुमारे १.३ न्यूटन-मीटर मिळतात. मी असतो तर येथून पुढे गेलो असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट तरफेच्या हाताची आहे आणि ती सहसा दुर्लक्षित राहते. चालू टॉर्क हा दट्ट्याचे क्षेत्रफळ आणि तरफेचा हात यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात असतो, तर बंद टॉर्क त्याच गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात, कारण हात लांब असला की बलाचा टॉर्कही वाढतो आणि दट्ट्याचा वेगही. हा गुणाकार म्हणजे दुसरे काही नसून गुडघा एक रेडियन वाकल्यावर फटीतून ढकलला जाणारा द्रव होय. आपल्याकडे तो सुमारे २२ घन सेंमी आहे. ध्रुवांची लांबी वाढवल्याने मात्र दोन्ही टॉर्क सारख्याच प्रमाणात वाढतात. म्हणून हात ३० वरून २२ मिमीवर आणला आणि ध्रुवांची एकूण लांबी १६ वरून २२ मिमी केली, तर चालू टॉर्क ३९ वरच राहतो आणि बंद टॉर्क १.३ वरून ०.९५ वर येतो. याची किंमत दाबाच्या रूपाने मोजावी लागते, कारण दाबफरक १.८ वरून जवळपास २.५ मेगापास्कलवर जातो.

हा दाब मला आपल्या नायट्रोजनच्या कप्प्याकडे घेऊन येतो, आणि माझ्या मते आराखड्यातील सर्वांत मोठी अडचण तेथे आहे. दांडा आत जाताना दट्ट्याच्या तळाकडील बाजूस गॅसचा दाब असतो आणि दांड्याकडील बाजूस त्यातून दाबफरक वजा होतो. ही वजाबाकी शून्याखाली गेली की दांड्याकडील द्रवात पोकळी तयार होते आणि पुढच्या हालचालीला डॅम्पर क्षणभर रिकामा जातो. ते टाळण्यासाठी १.८ मेगापास्कलच्या दाबफरकालाही गॅसचा दाब किमान २ मेगापास्कल ठेवावा लागेल. तो दाब दांड्याच्या ७८.५ चौरस मिमी छेदावर सतत पडून १५७ न्यूटनचा जोर देतो. ३० मिमी हातावर हा पुन्हा ४.७ न्यूटन-मीटर होतो! हा जोर गुडघा सरळ करण्याच्या दिशेने असतो, त्यामुळे थोडा उपयोगी आहे हे खरे, पण तो बंद करता येत नाही. उपाय दोन आहेत : दांडा दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढावा, म्हणजे आकारमानाचा प्रश्नच मिटतो आणि तापमानामुळे द्रव प्रसरण पावतो तेवढ्यापुरता लहानसा कप्पा पुरतो, किंवा दांडा बारीक करून तो वाकणार नाही याची खात्री करून घ्यावी. पहिल्या उपायात लांबी वाढते आणि सीलची संख्या दुप्पट होते. तरीही मी तोच निवडेन.

चुंबकरेषा

वरील हिशेबात यील्ड स्ट्रेस ४० किलोपास्कल गृहीत धरला आहे. प्रश्न असा की आपला लोखंडी मार्ग तो मिळू देईल का? सध्याच्या मापांवर देणार नाही.

या द्रवाला ४० किलोपास्कलपर्यंत नेण्यासाठी फटीत साधारण १५० ते २०० किलोअँपिअर प्रति मीटर इतके क्षेत्र लागते आणि तेव्हा द्रवातील फ्लक्स घनता, म्हणजे दर क्षेत्रफळामागे जाणारा चुंबकीय प्रवाह (फ्लक्स), ०.८ टेस्लाच्या आसपास असते. एका ध्रुवाचे क्षेत्रफळ, म्हणजे ३२ मिमी व्यासाचा परीघ गुणिले ८ मिमी, सुमारे ८०४ चौरस मिमी भरते. त्यातून जाणारा सगळा फ्लक्स, सुमारे ६४० मायक्रोवेबर, कॉइलच्या आतील १८ मिमी व्यासाच्या गाभ्यातून जायला हवा, ज्याचा छेद फक्त २५४ चौरस मिमी आहे. भागाकार केला की २.५ टेस्ला येतात. कमी कार्बनचे पोलाद १.६ टेस्लाच्या पुढे गेले की झपाट्याने संपृक्त होऊ लागते, म्हणजे आणखी फ्लक्स घेईनासे होते, त्यामुळे हा फ्लक्स तेथून जाणारच नाही. प्रवाह कितीही वाढवला तरी फटीतील क्षेत्र ठरावीक पातळीवर अडून राहील आणि उरलेली ऊर्जा केवळ कॉइल तापवील. सिलिंडरच्या २.५ मिमी भिंतीचीही हीच गत आहे, तेथे २.३ टेस्ला येतात.

गाभा २३ मिमीपर्यंत वाढवणे हा एक मार्ग, पण मग तांब्याला जागा उरत नाही आणि भिंतही जाड करावी लागते. त्यापेक्षा ध्रुव विभागावेत : ४ मिमी, ८ मिमी आणि पुन्हा ४ मिमी असे तीन ध्रुव आणि त्यांच्यामध्ये दोन कॉइल, त्याही परस्परांच्या उलट दिशेने गुंडाळलेल्या. एकूण लांबी १६ मिमीच राहते, मधल्या ध्रुवात दोन्ही फ्लक्स एकाच दिशेने मिळतात, आणि गाभ्याच्या कोणत्याही छेदातून पूर्वीच्या निम्माच फ्लक्स जातो. गाभ्यात १.२७ आणि भिंतीत सुमारे १.१ टेस्ला येतात, म्हणजे दोन्हीकडे बऱ्यापैकी सवलत उरते. तेलदाब यांच्या सूचनेप्रमाणे ध्रुव २२ मिमीपर्यंत वाढवले तरीही ही रचना टिकते, फक्त गाभा किंचित मोठा करावा.

फट ०.७५ मिमी असेल तर प्रत्येक कॉइलचा फ्लक्स ती दोनदा ओलांडतो, म्हणून द्रवासाठी सुमारे २६० आणि लोखंडासाठी थोडे धरून ३०० अँपिअर-वेढे (प्रवाह गुणिले वेढ्यांची संख्या) पुरतात. ०.४ मिमी तारेचे २०० वेढे आणि १.५ अँपिअर असा मेळ घातल्यास प्रत्येक कॉइलचा रोध २ ओहमच्या जवळपास येतो आणि दोन्ही मिळून ९ वॅट लागतात. येथे एक खुबी आहे. दोन लिथियम सेलची बॅटरी ७.४ व्होल्ट देते. दोन्ही कॉइल एकसरीत जोडल्या तर प्रवाह टिकवायलाच सहा व्होल्ट लागतील आणि प्रवाह वेगाने चढवण्यासाठी काहीच शिल्लक राहणार नाही. समांतर जोडल्यास प्रत्येकीला तीन व्होल्ट पुरतात आणि उरलेले व्होल्टेज प्रवाह चढवण्याच्या कामी येते. द्रव स्वतः काही मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो, उशीर होतो तो कॉइलच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे प्रवाहातील बदलाला तिच्याकडून होणाऱ्या विरोधामुळे, आणि लोखंडात निर्माण होणाऱ्या भोवरप्रवाहांमुळे. सेकंदाला ६ रेडियन वेगाने १० मिलिसेकंदांत गुडघा साडेतीन अंश फिरतो, म्हणून ही काटकसर करू नये. नियंत्रण व्होल्टेजने न करता प्रवाहानेच करावे, कारण तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो आणि कॉइल ४० अंशांनी तापली की ठरावीक व्होल्टेजवर प्रवाह आपोआप घटतो.

शेवटची बाब अवशिष्ट चुंबकत्वाची. प्रवाह बंद केल्यावर लोखंडात थोडे चुंबकत्व मागे राहते. त्यामुळे फटीत केवळ १ किलोपास्कल यील्ड स्ट्रेस जरी उरला तरी आपल्या मापांवर त्याचा टॉर्क जवळपास १ न्यूटन-मीटर होतो. श्यानतेचा इतका बारकाईने केलेला हिशेब एवढ्याने दुप्पट होऊन बसेल. सर्व लोखंडी भाग यंत्रकामानंतर अनील करून (तापवून सावकाश थंड करून) घ्यावेत आणि प्रवाह बंद करताना क्षणभर उलट दिशेचा लहान स्पंद द्यावा. त्या स्पंदाचे प्रमाण प्रत्यक्ष मोजूनच ठरवावे लागते.

चालनिरीक्षक

मी प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बसवून देणारी तज्ज्ञ आहे, अभियंता नाही. म्हणून मापांविषयी बोलणार नाही, पण ४० न्यूटन-मीटर हा आकडा आणि त्याचा वापर याबद्दल काही सांगणे आवश्यक वाटते.

सपाट जमिनीवर निरोगी व्यक्ती टाच टेकवल्यानंतर गुडघा पंधरा ते वीस अंश वाकवते आणि त्या वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क येतो, त्यामुळे ७५ किलोसाठी ४० हा आकडा समर्पक आहे. जिना एकेका पायरीवर एकेक पाऊल ठेवत उतरताना मात्र किलोमागे १ न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही अधिक लागतो. आपला डॅम्पर तेथे एकट्याने पुरणार नाही. असे असले तरी १०० न्यूटन-मीटरच्या मागे लागून पायाचा झोका जड करू नये, असेच मी म्हणेन. कृत्रिम गुडघा वापरणारे बरेच जण टाच टेकताना गुडघा सरळच ठेवतात आणि जिना उतरताना कठड्याचा आधार घेतात. झोका जड झाला तर मात्र त्याचा त्रास प्रत्येक पावलाला होतो. गुडघा झोक्यात साठ-पासष्ट अंशांपर्यंत वाकला नाही की पाऊल जमिनीला घासते, मग ती व्यक्ती कंबर वर उचलते किंवा पाय बाहेरून वर्तुळाकार फिरवते, आणि काही महिन्यांत पाठदुखीची तक्रार घेऊन येते. सावकाश चालणाऱ्या वृद्धांना हा विरोध सर्वाधिक जाणवतो, कारण पाय झुलवायला त्यांच्याकडे जोर कमी असतो.

गुडघा वाकताना आणि सरळ होताना डॅम्परचा विरोध सारखा असण्याचे कारण नाही. सरळ होताना द्रवाला वाट देणारी एकदिशा झडप दट्ट्यात ठेवली तर पाय वेळेवर पुढे येतो. परंतु ती पूर्ण मोकळी नसावी, अन्यथा झोक्याच्या शेवटी गुडघा खटकन आदळतो आणि तो धक्का थेट सॉकेटमधल्या, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीतल्या, उरलेल्या अवयवाला बसतो. शेवटच्या दहा-पंधरा अंशांत कॉइलने थोडा विरोध करावा, सोबत रबरी थोपवणही असावे.

गॅसच्या जोराविषयी तेलदाब यांनी जे लिहिले त्यात एक भर घालते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर असा सततचा जोर असला की पाऊल आपोआप पुढे सरकू पाहते. वापरणाऱ्याला ते अतिशय खटकते आणि प्रयोगशाळेतील चाल-चाचणीत ते कधीच दिसत नाही.

सर्वांत काळजीची गोष्ट बॅटरीची आहे. एमआर डॅम्परची बॅटरी संपली की गुडघा मोकळा होतो, म्हणजे ज्या क्षणी आधार हवा त्या क्षणी तो नसतो. झडपांवर चालणाऱ्या हायड्रॉलिक गुडघ्यात वीज गेली असता झडप अधिक विरोधाच्या स्थितीत राहील अशी रचना करता येते. आपल्या आराखड्यात याची काय तजवीज आहे? आणि एक दिलासा : स्थिर उभे राहताना सतत प्रवाह देण्याची गरज नाही. शरीरभाराची रेषा गुडघ्याच्या अक्षाच्या पुढून जाईल अशी मांडणी केली की गुडघा स्वतःच्या थोपवणावर सरळ टिकून राहतो.

चुंबकरेषा

चालनिरीक्षक यांच्या प्रश्नाला एक उत्तर आहे, पण ते फुकट मिळत नाही. चुंबकीय मार्गात स्थायी चुंबक बसवायचा, म्हणजे वीज नसतानाही द्रव घट्ट राहतो, आणि झोक्याच्या वेळी कॉइलने उलट क्षेत्र देऊन तो मोकळा करायचा. चालीच्या चक्रात झोका साधारण ४० टक्के असतो, त्यामुळे विजेची बचतही होते. अडचण अशी की दोन मोठ्या क्षेत्रांची वजाबाकी अचूक शून्य व्हायला हवी. निओडिमियम चुंबकाची चुंबकता दर अंशाला ०.११ ते ०.१२ टक्क्यांनी घटते, शिवाय फटीच्या परिघावर सगळीकडे क्षेत्र सारखे नसते. म्हणून १ किलोपास्कल शिल्लक राहणे येथे अपवाद नसून नेहमीचेच आहे. चुंबकाने पूर्ण टॉर्क न देता सुमारे एक तृतीयांशच द्यावा, असा माझा सल्ला आहे : १२-१३ न्यूटन-मीटरवर गुडघा एकदम कोसळत नाही, माणसाला सावरायला अवधी मिळतो आणि उलट क्षेत्रही कमी लागते.

गतिज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुधारित आराखडा असा करीत आहे : फट ०.७५ मिमी, ४-८-४ अशा तीन ध्रुवांमध्ये दोन समांतर जोडलेल्या कॉइल, त्यांवरील इपॉक्सी १ मिमी खाली, दोन्ही बाजूंनी बाहेर येणारा दांडा आणि सरळ होण्याच्या दिशेने अंशतः मोकळी झडप. तरफेचा हात २२ मिमीवर आणण्याचा विचार पुढच्या आवृत्तीसाठी ठेवतो, कारण त्यासाठी चौकट बदलावी लागेल. स्थायी चुंबकाचा पर्याय आधी संगणकीय प्रारूपावर तपासेन.

यातून एक शंका उरते. दोन कॉइल आणि दोन्हीकडचा दांडा यांमुळे डॅम्परची लांबी बरीच वाढते. बाजारात आलेल्या एमआर गुडघ्यांपैकी ऑसुर कंपनीचा ऱ्हिओ हा गुडघा सरळ रेषेतला डॅम्पर न वापरता अक्षाभोवती फिरणाऱ्या चकत्या वापरतो. तो मार्ग मुळातच श्रेयस्कर आहे का?

तेलदाब

टॉर्कच्या गुणोत्तराच्या दृष्टीने पाहिले तर होय. सुरुवातीला दोन्ही मार्ग चोखाळले गेले. २००० साली लॉर्ड कंपनी आणि बिडरमान मोटेक यांनी आणलेला गुडघा सरळ डॅम्परचा होता, तर एमआयटीमध्ये ह्यू हर आणि आरी विल्कनफेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेला गुडघा चकत्यांचा, आणि ऱ्हिओ त्याच कामातून पुढे आला.

चकत्यांच्या रचनेत द्रव फटीतून ढकलला जात नाही, तो दोन पृष्ठभागांमध्ये नुसता कातरला जातो. बाहेरील त्रिज्या २२ मिमी आणि आतील १४ मिमी असलेल्या चकतीचा एक पृष्ठभाग ४० किलोपास्कलवर सुमारे ०.६६ न्यूटन-मीटर देतो. म्हणजे ४० न्यूटन-मीटरसाठी असे साठ पृष्ठभाग हवेत. तेवढे बसवायचे तर फट काही दशक मायक्रॉन एवढीच ठेवता येते. ५० मायक्रॉन धरली आणि श्यानता तीच ०.१ ठेवली, तरी ६ रेडियन वेगाला साठही पृष्ठभागांचा मिळून बंद टॉर्क ०.२ ते ०.२५ न्यूटन-मीटर एवढाच येतो. सरळ डॅम्परमध्ये अरुंद फटीची जी शिक्षा घनाच्या प्रमाणात मिळते ती येथे केवळ सरळ व्यस्त प्रमाणात मिळते, म्हणून हे साधते. दाब नसल्याने पोकळीचा आणि गॅसच्या जोराचा प्रश्नही उद्भवत नाही.

मग सगळ्यांनी चकत्याच का वापरू नयेत? कारण साठ पृष्ठभागांवर ५० मायक्रॉनची फट सारखी राखायची तर प्रत्येक चकती काही मायक्रॉनपर्यंत सपाट हवी, आणि एक जरी वाकडी झाली तरी धातूला धातू घासून बंद टॉर्क वर जातो. एवढ्या बारीक फटीत द्रवावरील ताणही मोठा असतो. दीर्घकाळ असा ताण सोसलेला एमआर द्रव हळूहळू दाट होत जातो, कारण कणांच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचे पापुद्रे सुटून तेलात मिसळतात. ऱ्हिओमध्ये नेहमीच्या तेलाऐवजी परफ्लुओरोपॉलिइथर हा आधारद्रव वापरलेला आहे. एका पदव्युत्तर प्रकल्पाच्या कार्यशाळेत हे सर्व साधणे मला कठीण दिसते. सरळ डॅम्पर लेथवर तयार होतो, उघडून पाहता येतो आणि त्याचे प्रत्येक गृहीतक वेगवेगळे मोजता येते. आपण त्याच मार्गाने जावे.

मोजणीचा क्रम मात्र सांभाळावा. आधी द्रव न भरता, फक्त सीलना तेलाचा हात लावून दांडा ०.१८ मीटर प्रति सेकंद वेगाने हलवावा आणि बल नोंदवावे. प्रत्येक सीलमागे ३० न्यूटन जरी आले तरी दोन सीलचे मिळून १.८ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे श्यानतेच्या विरोधापेक्षाही अधिक. त्यानंतर द्रव भरून कॉइल एकदाही चालू न करता तीच मोजणी करावी. मग कॉइल पूर्ण प्रवाहावर नेऊन बंद करावी आणि पुन्हा मोजावे. पहिल्या दोन आकड्यांतील फरक श्यानतेचा आणि नंतरच्या दोहोंतील फरक अवशिष्ट चुंबकत्वाचा. दांड्याला हार्ड क्रोमचा मुलामा आणि सीलच्या आतील बाजूस स्वतंत्र वायपर (दांडा पुसून घेणारे कडे) हवाच. लोहाचे कण सीलच्या ओठाखाली शिरले की दांडा ओरखडतो आणि गळती सुरू होते. यंत्र काही आठवडे पडून राहिले असेल तर मोजणीपूर्वी दांडा दहा-वीस वेळा आत-बाहेर करावा, कारण कण तळाशी बसलेले असतात. चौकटीच्या बळकटीसाठी आयएसओ १०३२८ या कृत्रिम पायांच्या चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकामधील ३० लाख आवर्तनांची चाचणी लागते. ७५ किलोसाठी त्यातील पी४ ही पातळी धरावी. ती चाचणी डॅम्परची नसून भार वाहणाऱ्या भागांची आहे, त्यामुळे चौकटीचे रेखाटन अंतिम होईपर्यंत तिच्यात वेळ घालवू नये.